दादाने पत्र दडवलं, हे वाचकाला कधी कळावं?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मी एक दीर्घकथा लिहिली. वडील गेल्यावर सुमन बऱ्याच वर्षांनी घरी येते. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात आता थोरला भाऊ एकटाच आहे. वडिलांनी शेवटच्या आजारपणात सुमनला पत्र लिहिलं होतं आणि टाकायला दादाकडे दिलं होतं. दादाने ते टाकलंच नाही. हे शेवटी उघड होतं. पहिला खर्डा वाचून एक जाणते वाचक म्हणाले, ‘गोष्ट चांगली आहे, पण तंत्र नाही, सपाट वाटते.’ मग तंत्राविषयी मिळेल ते वाचलं. फ्लॅशबॅक घातले, बंद पडलेलं घड्याळ प्रतीक म्हणून आणलं, एक स्वप्न टाकलं, एक पान विरामचिन्हांशिवाय लिहिलं आणि तृतीयपुरुषी निवेदन काढून सगळी कथा सुमनच्या तोंडी ‘मी’ म्हणून दिली. आता तेच गृहस्थ म्हणतात, ‘गोंधळ वाटतो, आणि शेवटी फसवल्यासारखं होतं.’ दोन्ही खर्ड्यांची काही पानं सोबत जोडली आहेत. नेमकं कुठलं तंत्र वापरू? आणि तंत्राचा विचार करत लिहिणं म्हणजे कृत्रिम लिहिणं नव्हे का?

उत्तर

तुमची पानं नीट वाचली. गोष्ट खरोखरच चांगली आहे आणि ती सोडू नका, हे आधी सांगतो. तुमच्या वाचकाचंही दोन्ही वेळा बरोबर आहे. सपाटपणा त्यांना अचूक जाणवला, फसवणूकही अचूक जाणवली. चूक झाली ती ‘तंत्र नाही’ हे ऐकून तुम्ही जे केलंत त्यात. तंत्र म्हणजे कथेत वरून घालायच्या वस्तू, असं तुम्ही धरून चाललात. भिंतीला भेग पडली म्हणून तिच्यावर तसबिरी टांगाव्यात तसं ते झालं. भेग पहिल्या खर्ड्यात होती आणि दुसऱ्यातही आहे, फक्त तिची जागा बदलली.

ती कुठे आहे ते तुमच्याच ओळींवर दाखवतो. पहिल्या खर्ड्याचं दुसरं पान:

“सुमन दारात उभी राहिली. घर तसंच होतं. तिला भरून आलं. दादाने तिच्या हातातली पिशवी घेतली. तिला पाहून त्याला ते पत्र आठवलं आणि त्याच्या मनात अपराधीपणाची भावना दाटून आली. दादा किती थकलाय, असं सुमनला वाटलं.”

सहा वाक्यांत आपण सुमनच्या मनातून दादाच्या मनात गेलो आणि परत आलो. सर्वज्ञ निवेदकाला हे करायची मुभा आहे, जुन्या कादंबऱ्यांमध्ये तो सर्रास असा फिरतो. अडचण फिरण्यात नाही. ज्या निवेदकाला दादाच्या मनातलं पत्र दिसतं, त्याने ते दुसऱ्या पानावर सांगून टाकलं आणि नंतर शेवटापर्यंत जणू सांगितलंच नाही असा आव आणला, ही अडचण आहे. वाचकाला पत्राचा सुगावा लागलेला आहे, कथा मात्र त्याला काही ठाऊक नाही असं धरून पुढे सरकते. मधली सगळी पानं त्यामुळे मोकळी पडतात. ‘सपाट’ हा शब्द तिथून आला.

आता दुसरा खर्डा. सुरुवातच अशी: “त्या दिवशी मी घरी आले तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.” म्हणजे सांगणारी सुमन सगळं होऊन गेल्यावर सांगते आहे. तिला पत्राचं ठाऊक आहे. तरीही पुढच्याच पानावर ती म्हणते, “दादासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं.” आता हे कोणाचं मत? सांगणाऱ्या सुमनचं असेल, तर ती सरळ खोटं बोलते आहे आणि शेवटी वाचकाला राग येणारच. घरी आलेल्या, अजून काही न कळलेल्या सुमनचं असेल, तर तसं वाक्यात दिसायला हवं होतं. ‘दादासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे’ एवढ्याने काम झालं असतं. त्या ‘तेव्हा’मुळे वाचक सावध झाला असता, पण फसला नसता.

प्रथमपुरुषी निवेदनात नेहमी दोन ‘मी’ असतात: जिच्यावर गोष्ट गुदरली ती आणि जी आता ती सांगते आहे ती. दोघींच्या मधलं अंतर हीच या निवेदनाची खरी ताकद. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूच्या तोंडून तिचीच कहाणी लहानपणापासून सांगितली, तेव्हा मोठी झालेली यमू छोट्या यमूकडे वळून पाहते आणि वाचकाला दोघी एकदम दिसतात. तुमच्या खर्ड्यात मात्र दोन सुमन एकमेकींवर चिकटून गेल्या आहेत.

निवेदकाने काही लपवूच नये, असं मी म्हणत नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या एका रहस्यकादंबरीत गोष्ट सांगणाराच सगळ्यांत महत्त्वाची बाब वाचकापासून दडवतो. ही वाचकाची फसवणूक आहे की नाही यावर पुढे बराच वाद झाला. पण शेवट कळल्यावर पुन्हा वाचायला घेतली, की मोक्याच्या जागी त्याने खोटं सांगितलेलं नाही हे दिसतं. तो फक्त काही मिनिटांवरून अलगद उडी मारतो, आणि ती उडी पानावर डोळ्यांसमोर असते. लपवायचं असेल तर ते इतक्या काळजीने लपवावं लागतं. तुमच्या कथेला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

म्हणून कुठलं तंत्र वापरू, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न सोडवा. कोण बोलतंय, आणि कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली हा फरक नीट मांडला आणि तेव्हापासून कथनमीमांसेत, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याच्या अभ्यासात, तो पायाभूत मानला जातो. बोलणारा निवेदक बाहेरचा असू शकतो आणि पाहणारे डोळे सुमनचे. त्याला जोडून तिसरं विचारा: पाहणाऱ्याला या घटकेला काय माहीत आहे? एवढं ठरलं की बाकीची बहुतेक तंत्रं आपोआप जागेवर बसतात किंवा गळून पडतात. तुमच्या गोष्टीसाठी मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे निवेदन तृतीयपुरुषीच ठेवायचं, पण सुमनला चिकटून. दादाच्या डोक्यात एकदाही शिरायचं नाही. तोच दारातला प्रसंग असा होईल:

“दारात दादा उभा होता. आत ये म्हणाला नाही, पिशवी मात्र घेतली. हडकला होता. हडकणारच. महिनोन्महिने एकट्याने उठबस केली, औषधपाणी केलं, आणि बहीण आली ती सगळं आटोपल्यावर. कुठल्या तोंडाने आली, म्हणत असेल. त्याच्या नाकावर बाबांचा चष्मा होता. स्वतःचा कुठे गेला याचा?”

‘असं तिला वाटलं’ कुठेच नाही. तरी ‘हडकणारच’ हा शब्द निवेदकाचा नाही, ‘कुठल्या तोंडाने’ हेही त्याचं नाही. वाक्य निवेदकाचं आणि आतला सूर सुमनचा. याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर यांनी ‘मादाम बोव्हारी’त ते इतकं सफाईने वापरलं की १८५७ साली प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा त्याचाही घोळ झाला. नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी संबंध जुळल्यावर नायिका एमा आरशात पाहते आणि हरखून जाते, तो उतारा सरकारी वकिलाने लेखकानेच केलेलं व्यभिचाराचं गुणगान म्हणून वाचला. हरखली होती एमा. पण मध्ये ‘तिला वाटलं’ नसल्याने ते लेखकाच्या अंगावर आलं. फ्लोबेर सुटले. पण पात्राचा सूर निवेदनात मिसळला की निवाडा करायचं काम वाचकावर येऊन पडतं, ते असं.

मराठीत हे साधायची साधनं आपल्या रोजच्या बोलण्यात पडलेली आहेत आणि लिहिताना आपण नेमकी तीच पुसून टाकतो. ‘म्हणे’, ‘की काय’, ‘ना’, ‘तरी’, ‘बरं’, ‘कशाला’. ‘दादाने डॉक्टर बदलला होता’ हे निवेदकाचं वाक्य. ‘दादाने म्हणे डॉक्टर बदलला होता’ यात सुमन आली, तिला हे कोणी परक्याने सांगितलं हे आलं, आणि आपल्याला कळवलं नाही याची बोचही आली. एका शब्दात. तुमच्या पानांवर ‘भरून आलं’, ‘वाईट वाटलं’, ‘भावना दाटून आली’ असे शब्द जागोजागी आहेत. त्यातले निम्मे काढून तिथे सुमनचा सूर येऊ द्या.

या वाटेचा आणखी एक फायदा पाहा. पत्राचं वाचकाला कळत नाही, आणि तरीही कोणी कोणाला फसवत नाही, कारण सुमनलाच ते ठाऊक नाही. ‘आत ये म्हणाला नाही’ हे पहिल्या वाचनात दादाच्या रागासारखं वाटतं. शेवट कळल्यावर मागे वळलं की तेच वाक्य दुसरं काही सांगतं. खरं पूर्वसूचन हे असं असतं. ‘पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती’ हे वाक्य पूर्वसूचन म्हणून तुम्ही लिहिलंत, पण त्यात सूचना कसलीच नाही, फक्त काहीतरी घडणार असल्याचं आश्वासन आहे. कथा वाचायला घेतलेल्या माणसाला तेवढं ठाऊकच असतं. रशियन लेखक चेखॉव्ह यांनी १८८९ साली एका पत्रात लिहिलं होतं की झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. ते वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. त्याची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे: जी झाडायची ती पहिल्यांदा दिसेल तेव्हा घरातल्या इतर सामानासारखीच दिसू द्या.

दुसरी वाट पहिल्या खर्ड्यातच दडलेली आहे. सर्वज्ञ निवेदक ठेवा, पत्र दुसऱ्या पानावर सांगून टाका, आणि मग ते लपवायचा प्रयत्न सोडा. वाचकाला माहीत, दादाला माहीत, फक्त सुमनला नाही. नाट्यमय उपरोध म्हणतात तो हा. तुमच्याकडे एक प्रसंग आहे, सुमन दादाला म्हणते, “तू होतास म्हणून बाबांचं निभावलं.” आत्ता ते एक साधं कृतज्ञतेचं वाक्य आहे. पत्राचं आधी कळलेलं असेल तर हेच वाक्य वाचताना जीव खालीवर होईल. शेवटी धक्का बसावा म्हणून बातमी राखून ठेवण्यापेक्षा ती आधी देऊन प्रत्येक पानावर ताण ठेवणं मला बहुतेक वेळा जास्त मोलाचं वाटतं. धक्का एकदाच बसतो आणि दुसऱ्या वाचनात उरत नाही.

तिसरी वाट तुम्हाला सुचलेली दिसत नाही, आणि माझं मन मात्र तिच्यावरच बसलं आहे. गोष्ट दादाला सांगू द्या.

“सुमन आली. आजारपणाचं तिला कळवायचं राहून गेलं होतं. माणूस एकटा असला की एकेक गोष्ट राहून जाते. पत्राचंही तसंच झालं. बाबांनी ते दिलं तेव्हा पाऊस होता, दुसऱ्या दिवशी त्यांची तब्येत बिघडली, मग ते कपाटात ठेवलं गेलं. ठेवलं गेलं ते राहिलं. फोडलं मात्र नाही. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, एवढंच.”

या उताऱ्यात ‘मी’ शोधा. सापडणार नाही. राहून गेलं, तसंच झालं, ठेवलं गेलं, राहिलं. दूध उतू गेलं, कप फुटला, उशीर झाला: करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवायची सोय मराठीत मुबलक आहे आणि ज्याला आपल्या हातून घडलेलं बघवत नाही तो माणूस तिच्याच आडोशाला जातो. दादा एकही गोष्ट खोटी सांगत नाही. तरी शेवटच्या वाक्यावर वाचकाला कळतं की त्याने पत्र वाचलेलं आहे. दादाला स्वतःला आपण हे बोलून गेलो हे कळलेलं नसतं. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली अशा सांगणाऱ्याला ‘अविश्वसनीय निवेदक’ हे नाव दिलं. नावावरून तो खोटारडा असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो स्वतःचीच समजूत घालत असतो आणि लेखक त्याच्या खांद्यावरून वाचकाकडे पाहत असतो.

आता हीच रीत साऱ्या कथेत चालू ठेवा. दादाने जिथे काही चांगलं केलं तिथे ‘मी’ ठसठशीत येऊ द्या: मी औषधं आणली, मी रात्री जागलो, मी त्यांना उचलून बसवलं. जिथे वाईट केलं तिथे ‘मी’ गायब. आणि अगदी शेवटाकडे, सुमनसमोर, एकदाच त्याच्या तोंडून सरळ वाक्य निघू द्या: “मी टाकलं नाही.” तीन शब्द. एरवी त्यात काहीच नाही. पण इतकी पानं ते वाक्य अडवून धरलं असेल तर कथेचा सगळा भार त्याच्यावर येईल, आणि तिथे तुम्हाला एकही विशेषण लागणार नाही. मागच्या पानांमध्ये चुकूनही ‘मी पत्र ठेवलं’ असं लिहून बसू नका. लिहून झाल्यावर पत्राचा जिथे जिथे उल्लेख आहे ती प्रत्येक ओळ याच एका कसोटीवर पुन्हा तपासा.

दोघांनाही आळीपाळीने बोलू द्यावं का, असं तुमच्या मनात येईल. ‘ययाति’मध्ये (१९५९) खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांकडून कथा सांगवली, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. तिथे पट मोठा आहे आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याला न दिसणारा आयुष्याचा तुकडा आहे. तुमच्याकडे एक घर, दोन माणसं आणि एक पत्र. दोघंही बोलले तर दोघंही त्याच पत्राचा खुलासा करत बसतील आणि त्याचं वजन अर्धं होईल. एकालाच बोलू द्या.

फ्लॅशबॅकचं बोलतो, कारण तिथे तुमचं नुकसान जास्त झालंय. पहिला फ्लॅशबॅक पहिल्याच पानावर आहे, सुमनने अजून दारही वाजवलेलं नाही आणि आपण तिच्या लहानपणात. वडिलांशी भांडण का झालं हे तुम्ही सांगता, पण ते विचारावंसं वाटायला वाचकाला अजून वेळच मिळालेला नाही. प्रश्न आधी पडू द्या. सुमन घरभर फिरते आणि वडिलांच्या खोलीत तेवढी जात नाही, असं दोन-तीनदा होऊ द्या. मग वाचक स्वतःच मागे जायला तयार होईल.

मागे जाताना क्रियापदांकडे लक्ष ठेवा. तुमच्या फ्लॅशबॅकमध्ये ‘होता-होती-होतं’ची रांग लागली आहे: आले होते, म्हणाले होते, गेली होती, रडली होती. पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘होती’ पुरेशी असते. तिने वाचकाला मागच्या काळात नेऊन सोडलं की साध्या भूतकाळावर या:

“बाबांनी त्या दिवशी आतून कडी घातली होती. ती पायरीवर बसून राहिली होती. अंधार पडला. शेजारच्या घरात दिवा लागला. दादाने मागच्या खिडकीतून तिच्या चपला बाहेर टाकल्या. पिशवी अजून दादाच्याच हातात होती.”

शेवटच्या वाक्यात आपण आजमध्ये परतलो आणि ‘इकडे सुमन भानावर आली’ असं काही लिहावं लागलं नाही. पिशवी चालू प्रसंगातली आहे हे वाचकाला आठवतं, तेवढ्याने तो परत येतो. शिवाय दादाने तेव्हाही काहीतरी केलं होतं आणि काहीतरी केलं नव्हतं, हे चपलांतून आलं. तुमचे बाकीचे फ्लॅशबॅक काढा. एवढा एक पुरे.

गतीबद्दल. घरी येण्याचा प्रवास तुम्ही तीन पानं लिहिलाय, आणि भावा-बहिणीचा सामना असा उरकलाय: “मग दोघांची खूप वादावादी झाली. जुने सगळे हिशेब निघाले.” जिथे वाचकाला समोर बसून ऐकायचं आहे तिथे तुम्ही सारांश दिलात आणि जिथे सारांश चालला असता तिथे प्रसंग रंगवलात. मला वाटतं, तो सामना लिहिणं तुम्हाला अवघड गेलं म्हणून तुम्ही त्याला वळसा घातलात. हे बहुतेकांचं होतं, आणि म्हणूनच सारांशाची वाक्यं शोधून काढणं हा दुसऱ्या खर्ड्याचा सगळ्यांत फायद्याचा उद्योग असतो. प्रवास चार ओळींत आटपा किंवा पूर्ण गाळा. सामना उलगडून लिहा, आणि तिथे दोघांनी एकदम पत्रावर येऊ नये.

“हे कपाट कोण नेणार?”

“तुला हवं तर ने.”

“किल्ली?”

“असेल कुठेतरी.”

“तुझ्या खिशात आहे. सकाळपासून वाजतेय.”

पत्राचा उच्चार नाही. पण ते कपाटात आहे, किल्ली खिशात आहे, आणि सुमनचं लक्ष आहे. संवादातली माणसं ज्याविषयी बोलत नाहीत, त्याच्याभोवती बोलत राहतात. तुमचे संवाद आत्ता फार प्रामाणिक आहेत. प्रत्येक जण विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो.

घड्याळ काढून टाका. ‘जणू काळच थांबला होता’ असं त्याच्यापुढे तुम्हाला लिहावं लागलं, यावरूनच ते कथेत रुजलेलं नाही हे दिसतं. त्याउलट पहिल्या खर्ड्यात तुम्ही सहज लिहून गेलात की दादा वाचताना बाबांचा चष्मा लावतो. त्यावर मी थांबलो. ज्या माणसाने बाबांचं पत्र वाचलं तो बाबांच्याच चष्म्यातून वाचतो! हे तुम्ही ठरवून लिहिलेलं नसणार, म्हणूनच ते इतकं चांगलं आहे. तो चष्मा दारात दिसू द्या. पुढे कधीतरी एखादं बिल वाचताना दिसू द्या, दादा म्हणू दे की नंबर जमतो. आणि पत्र बाहेर येईल त्या प्रसंगात तो कोणाकडे असेल हे तुम्ही ठरवा. त्याचा अर्थ मात्र कुठल्याही पात्राला, निवेदकालासुद्धा, सांगू देऊ नका.

स्वप्नही काढा. जे सुमन स्वप्नात बघते तेच ती दोन पानांनंतर जागेपणी बोलते.

विरामचिन्हांशिवायच्या पानाची एक परीक्षा करून पाहिली: पूर्णविराम आणि स्वल्पविराम परत घातले. ते पान तुमच्या इतर पानांसारखंच वाचलं गेलं. मनातले विचार येतील तसे उमटवायच्या या पद्धतीला संज्ञाप्रवाह म्हणतात, पण संज्ञाप्रवाह म्हणजे चिन्हं गाळणं नव्हे. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये तो मराठी कादंबरीत आणला तेव्हा त्यांना मनाची उडी पकडायची होती: एका शब्दावरून दुसरी आठवण, तिच्यातून तिसराच विचार, मागची दोरी पुढच्याला नसलेली. तुमची सुमन त्या पानावर शिस्तीत, एकामागून एक, कारणांसह विचार करते. तिच्या स्वभावाला ते शोभतं. तिला पूर्णविराम परत द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तंत्राचा विचार केला की लेखन कृत्रिम होतं का? ‘एक राजा होता’ या वाक्यातही तृतीयपुरुष आहे, भूतकाळ आहे, राजापासून राखलेलं अंतर आहे. तंत्राशिवाय लिहिलेलं एक वाक्यही मला कोणी दाखवू शकणार नाही. तुमच्या पहिल्या खर्ड्यात तंत्र होतंच, फक्त ते कोणी निवडलं नव्हतं, सवयीने हाताला आलं होतं. पहिला खर्डा तसाच लिहावा, मीही त्याच मताचा आहे. त्या वेळी निवेदकाचा विचार करत बसलं तर चष्म्यासारखी गोष्ट हाती लागत नाही. पण दुसऱ्यांदा लिहायला बसताना प्रत्येक परिच्छेदाला विचारायला हवं की हे कोण बघतंय आणि त्याला काय ठाऊक आहे. त्यात कृत्रिमपणा येतो तो उत्तर न शोधता सजावट केली की. तुमचं घड्याळ कृत्रिम वाटतं आणि चष्मा वाटत नाही, दोन्ही तुमच्याच हातचे आहेत.

पुढच्या कामाचं सांगतो. सगळी कथा पुन्हा लिहू नका. कपाट उघडतं तो एकच प्रसंग घ्या आणि दोनदा लिहा: एकदा सुमनला चिकटून, तृतीयपुरुषी, एकदा दादाच्या तोंडून. दुसऱ्या वाटेचा, म्हणजे सर्वज्ञ निवेदकाचा, विचार या दोन्ही पसंत पडल्या नाहीत तरच करा. ज्या खर्ड्यात तुम्हाला नव्या गोष्टी सापडतील, आधी ठाऊक नसलेलं वाक्य एखादं पात्र बोलून जाईल, तो निवडा. जो सहज लिहून होईल तो निवडू नका.

आणि तुमचा शेवट. दोन्ही खर्ड्यांत सुमन दादाला माफ करते आणि तसं बोलूनही दाखवते. ते दोन परिच्छेद काढून ठेवा. दादा सांगत असेल तर तिने माफ केलं की नाही हे त्याला कळूच शकणार नाही, त्याला फक्त ती काय करते ते दिसेल. ती काय करते हे तुम्हालाही अजून ठरवता आलेलं नाही असं त्या परिच्छेदांवरून वाटतं, कारण तिथे पहिल्यांदाच तुमची सुमन भाषणासारखं बोलते. तो प्रसंग लिहिताना ते ठरेल. दोन्ही खर्डे पाठवा, मला ते वाचायचे आहेत.